कोब्यावर इपॉक्सी मारण्याआधी फरशी तपासा

गेल्या काही वर्षांत आपल्याकडे "इपॉक्सी मारून घेऊ" हे वाक्य सारखं कानावर येतं. गॅरेज असो, चिकनचं दुकान असो, बेकरी असो, शादीखाना असो की मदरशाचा मतबख, सिमेंटची जमीन झडायला लागली की कुणीतरी मोबाइलवर आरशासारख्या चकाकणाऱ्या फरशीचा फोटो दाखवतो आणि सगळ्यांना तो पटतो. मग चंदा गोळा होतो, ठेकेदार येतो, दोन दिवसांत काम होतं. पहिला पावसाळा गेला की काही ठिकाणी तीच फरशी फुग्यासारखी फुगते, पापुद्रे निघतात आणि आधी होती त्यापेक्षा वाईट दिसते. ठेकेदार म्हणतो, तुमची जमीन खराब. कमिटी म्हणते, तुझा माल खराब. खरं म्हणजे बहुतेक वेळा दोघांनीही जमीन तपासलेली नसते.

म्हणून हा विषय आज जरा सविस्तर घेऊ या. रंग कोणता छान दिसेल एवढ्यापुरता हा प्रश्न नाही. लोकांच्या घामाचा पैसा, वजूखान्यात घसरून पडणारे बुजुर्ग, जमिनीवर बसून शिकणारी मुलं आणि हे काम करणारे आपलेच तरुण, हे सगळे यात गुंतलेले आहेत.

कोबा झडतो का?

आपला चंद्रपूर जिल्हा सिमेंटचा. घुग्घुस, गडचांदूर, आवारपूर, उपरवाही ही नावं राज्यभर सिमेंटमुळे ओळखली जातात. तरीही आपल्याच घरांत कोब्याची पावडर निघते. असं का?

सिमेंट वाळून घट्ट होतं असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. सिमेंट पाण्याशी रासायनिक क्रिया करून घट्ट होतं. पाणी लवकर उडून गेलं तर ही क्रिया अर्धवट राहते. त्यातून बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच गोण्या पीपीसी प्रकारच्या असतात, म्हणजे त्यात औष्णिक वीज केंद्रातली राख मिसळलेली असते. मानकानुसार तिचं प्रमाण १५ ते ३५ टक्के असू शकतं. हे सिमेंट वाईट नाही, उलट टिकाऊ आहे, पण त्याला ताकद यायला वेळ लागतो. काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४५६ सांगतं की उष्ण आणि कोरड्या हवेत साध्या सिमेंटला किमान १० दिवस आणि राखमिश्रित सिमेंटला किमान १४ दिवस पाणी द्यावं.

आता मे महिन्यातलं चंद्रपूर किंवा ब्रह्मपुरी आठवा. पारा ४५ अंशांच्या पलीकडे जाणं आपल्याला नवीन नाही. त्या उन्हात मिस्त्री तीन दिवस पाणी मारतो आणि चौथ्या दिवशी सामान आत येतं. कालवताना सोपं पडावं म्हणून मालात पाणी जास्त टाकलेलं असतं. घोटताना वर आलेलं पाणी सुकवायला कोरडं सिमेंट भुरभुरवलेलं असतं. परिणाम काय, तर वरचा एक-दोन मिलिमीटरचा थर कच्चा राहतो. तोच रोज झाडूबरोबर निघतो. शाळेत ताटपट्टीवर बसणाऱ्या मुलांच्या कपड्यांवर जी पांढुरकी धूळ दिसते ती खडूचीच असते असं नाही, बऱ्याचदा ती जमिनीची असते.

घरच्या घरी तपासायचं असेल तर एक खिळा घ्या आणि जमिनीवर दाबून ओढा. बारीक रेघ उमटली तर ठीक. पावडर निघाली आणि चर पडला तर वरचा थर कच्चा आहे. अशा थरावर जगातला सगळ्यात महाग माल लावला तरी तो निघणारच, कारण इपॉक्सी त्या पावडरला चिकटणार आणि पावडर खालच्या काँक्रीटला सोडून देणार. असा थर आधी मशीनने घासून काढावा लागतो. त्याला दुसरा इलाज नाही.

इपॉक्सी म्हणजे नेमकं काय?

नाव परकं वाटलं तरी वस्तू आपल्या घरातलीच आहे. नळाची गळती बंद करायला आपण एम-सील लावतो. दोन रंगांच्या वड्या एकत्र मळायच्या, लावायचं, थोड्या वेळाने दगडासारखं होतं. अरलडाइटच्या दोन ट्यूबा असतात. हे दोन्ही इपॉक्सीच. एका भागात राळ असते, दुसऱ्यात तिला कडक करणारा पदार्थ, म्हणजे हार्डनर. दोन्ही मिसळले की त्यांचे रेणू एकमेकांत जाळ्यासारखे गुंततात आणि पुन्हा पातळ होत नाहीत. स्वित्झर्लंडमध्ये दातांच्या कामासाठी चाललेल्या संशोधनातून ही राळ पुढे आली आणि १९४६ मध्ये अरलडाइट हे नाव बाजारात आलं. फरशीवर मारतात ते याच घराण्यातलं. त्यात फक्त रंग, भरणा आणि पसरण्याचे गुण वेगळे असतात.

साधा ऑइलपेंट आणि इपॉक्सी यांत फरक इथेच आहे. काँक्रीटमध्ये चुन्यासारखा तीव्र क्षार असतो. ऑइलपेंटमधल्या तेलाशी त्याची क्रिया होऊन एक प्रकारचा साबण तयार होतो आणि रंग सुटतो. म्हणून कोब्यावर मारलेला ऑइलपेंट वर्षभरात निघतो. इपॉक्सीला या क्षाराची भीती नाही. तेल, ग्रीस, रक्त, साबण, सौम्य आम्ल यांनाही तो चांगला तोंड देतो. सांधे नसल्यामुळे घाण अडकत नाही. हे त्याचे खरे गुण.

आता मर्यादाही समजून घ्या. उन्हात तो पिवळा पडतो आणि वरून पावडर सुटते, म्हणून गच्ची, अंगण, उघडा ओटा इथे इपॉक्सी नको. साध्या हवेत घट्ट होणारा इपॉक्सी साधारण ५० ते ६० अंशांच्या पुढे मऊ पडायला लागतो. चुलीवरून उतरवलेली बिर्याणीची डेग थेट त्यावर ठेवली तर डाग पडेल, खळगा होईल. आणि तो वाफ बाहेर जाऊ देत नाही. आपल्या भागात सगळ्यात जास्त नुकसान या शेवटच्या गोष्टीमुळे होतं.

खालून येणारी ओल

काँक्रीट वरून कोरडं दिसतं, पण ते स्पंजासारखं असतं. त्यातल्या बारीक छिद्रांतून जमिनीतला ओलावा वर येत राहतो. उघडा कोबा असेल तर तो हवेत उडून जातो, आपल्याला कळतही नाही. वरून इपॉक्सीचं झाकण बसलं की ओलावा खाली अडकतो, दाब तयार होतो आणि फुगे येतात. फुगा फोडला तर आत चिकट, क्षारयुक्त पाणी निघतं. ज्या भिंतीला आणि जमिनीला आधीच लोणा लागलाय, पांढरी भुकटी फुटतेय, तिथे हे होणार हे आधीच सांगता येतं.

नवीन बांधकामात काँक्रीटच्या खाली जाड प्लास्टिकचा कागद अंथरला तर हा ओलावा बराच थांबतो. खर्च अगदी थोडा, पण आपल्याकडे मुरूम टाकला, धुम्मस केला की थेट गिट्टी-सिमेंट ओततात. जुन्या घरांत तर हा कागद नसतोच. गडचिरोलीकडे भातशेतीला लागून असलेल्या वस्त्यांत पावसाळ्यात जमिनीतलं पाणी फार वर येतं. चंद्रपुरात जुलै २०२२ च्या पुरात रहमतनगरसह इरईकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं होतं. पूर ओसरला, चिखल निघाला, जमीन वरून सुकली, तरी आतली ओल लगेच जात नाही. काँक्रीटच्या एक इंच जाडीला सुकायला साधारण एक महिना लागतो, असा बांधकामातला ढोबळ हिशेब आहे. म्हणजे चार इंचांच्या जमिनीला चार महिने, तेही खालून नवं पाणी येत नसेल तर.

तपासणी सोपी आहे. दीड फूट बाय दीड फूट पारदर्शक प्लास्टिक घ्या. जमिनीवर ठेवून चारही बाजूंनी चिकटपट्टीने हवाबंद करा. किमान १६ तास तसंच राहू द्या. उचलल्यावर आतून पाण्याचे थेंब दिसले किंवा खालची जमीन काळपट झाली असेल तर काम थांबवा. एकाच जागी नको, चार कोपऱ्यांत आणि मधे करा. आणि ही तपासणी एप्रिलमध्ये पास झाली म्हणून बिनधास्त राहू नका. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये काय होतं ते जास्त महत्त्वाचं. शक्य असेल तर एक पावसाळा पाहून निर्णय घ्या.

दुसरी तपासणी पाण्याच्या थेंबाची. जमीन घासून स्वच्छ केल्यावर थोडं पाणी टाका. एक-दोन मिनिटांत शोषलं गेलं तर छिद्रं मोकळी आहेत. मोत्यासारखं वरच राहिलं तर तेल, मेण किंवा जुना थर बसलेला आहे. गॅरेजमध्ये हमखास असंच होतं. वर्षानुवर्षं मुरलेलं इंजिन ऑइल नुसतं डिटर्जंटने निघत नाही. तेवढा भाग खरवडून नव्याने भरावा लागतो.

आपल्या हवेत काम कधी करावं?

इपॉक्सीचे दोन भाग मिसळले की घड्याळ सुरू होतं. उष्णता वाढली की क्रिया वेगाने होते. तापमान १० अंशांनी वाढलं तर वेग जवळपास दुप्पट होतो, असं ढोबळपणे धरतात. डब्यावर २५ अंशांसाठी लिहिलेला वेळ आपल्या मे महिन्यात एक चतुर्थांशावर येऊ शकतो. मग कारागीर घाई करतो, रोलरच्या रेघा राहतात, नाहीतर तो थिनर टाकून माल पातळ करतो आणि ताकद घालवतो. मिसळलेला माल बादलीत तसाच राहिला तर स्वतःच्याच उष्णतेने तापतो, कधी धूरही निघतो. म्हणून मिसळला की लगेच जमिनीवर ओतून पसरायचा असतो.

पावसाळ्यात उलटा त्रास. हवेत दमटपणा खूप असला की हार्डनर हवेतल्या बाष्पाशी आणि कार्बन डायऑक्साइडशी क्रिया करतो आणि वर पांढरट, चिकट थर येतो. त्यावर दुसरा हात चिकटत नाही. हिवाळ्याच्या पहाटे जमीन इतकी गार असते की तिच्यावर न दिसणारं दव बसतं. नियम असा की हवेचा दमटपणा ८५ टक्क्यांच्या खाली हवा आणि दव पडण्याच्या तापमानापेक्षा जमीन किमान ३ अंशांनी गरम हवी.

म्हणजे आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. सकाळचं दव गेल्यावर तयारी करावी आणि माल दुपारनंतर, जमीन थंड व्हायला लागल्यावर मारावा. सकाळी जमीन तापत असते तेव्हा छिद्रांतली हवा फुगून वर येते आणि ओल्या थरात टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात. संध्याकाळकडे हा त्रास कमी होतो. काम झाल्यावर साधारण २४ तासांनी चालता येतं, पण पूर्ण ताकद यायला आठवडा लागतो. जुम्म्याला मारलं आणि शनिवारी रात्री वलीमा ठेवला, असं करू नका.

जाडीचा हिशेब आपणच करा

फसवणूक सगळ्यात जास्त होते ती जाडीत. इपॉक्सी म्हणजे एकच वस्तू नाही. रोलरने मारलेला रंग मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या भागाएवढा असतो. ओतून आपोआप सपाट होणारा थर १ ते ३ मिलिमीटरचा. रेती मिसळून थापलेला थर ४ ते ६ मिलिमीटरचा. किमतीत मोठा फरक असतो, वरून चकाकी मात्र सारखीच.

पाचवीच्या मुलालाही जमेल असा हिशेब आहे. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर जाडी हवी तर १ लिटर माल लागतो. ३०० चौरस फुटांची खोली म्हणजे साधारण २८ चौरस मीटर. २ मिलिमीटर थर ठरला असेल तर ५६ लिटर माल आला पाहिजे. ठेकेदाराने १० लिटर आणून संपवला तर थर एका मिलिमीटरच्या जेमतेम तिसऱ्या भागाएवढाच झाला. मालात थिनर असेल तर तो उडून जातो आणि जाडी आणखी कमी होते. म्हणून ठरावात फक्त "इपॉक्सी" असं लिहू नका. जाडी लिहा, मालाचं प्रमाण लिहा, डबे आपल्यासमोर उघडायला सांगा आणि रिकामे डबे मोजून घ्या.

कुठे काय लावावं?

घर आणि वर्गखोली: इथे बहुतेक वेळा इपॉक्सीची गरज नसते. धूळ निघत असेल तर सिलिकेट हार्डनर नावाचं पातळ द्रावण मिळतं. ते काँक्रीटमध्ये मुरतं, आतल्या चुन्याशी क्रिया करून छिद्रं भरतं आणि वरचा भाग कडक करतं. वर थर नसल्याने पापुद्रा निघायचा प्रश्नच नाही आणि ओलही अडकत नाही. आम्लापुढे मात्र ते टिकत नाही. जमीन फारच खराब असेल तर सरळ कोटा, शहाबादी किंवा टाइल्स बसवा.

गॅरेज आणि राइस मिल: गॅरेजमध्ये ऑइल आणि बॅटरीचं पाणी सांडतं. कामाच्या भागापुरता जाड इपॉक्सी योग्य. तापलेले टायर उभे राहतात तिथे पातळ रंग टायरबरोबर उचलून येतो, हे ध्यानात ठेवा. देसाईगंज, आरमोरी, मूल, सिंदेवाही भागातल्या राइस मिलमध्ये पोती ओढली जातात, चाकं फिरतात. तिथे आधी कोबा मजबूत आणि कडक करणं महत्त्वाचं.

मटण-चिकनचं दुकान: अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांतली अनुसूची ४ सांगते की मांसविक्रीच्या दुकानाची जमीन पाणी न शोषणारी आणि न घसरणारी असावी, आणि ३ मीटरला किमान ५ सेंटिमीटर उतार असावा. म्हणजे आधी उतार, मग थर. उतार नसलेल्या जमिनीवर इपॉक्सी मारला तर रक्त आणि पाणी साचूनच राहणार.

मतबख आणि बेकरी: गरम पाणी, गरम भांडी, तेल. इथे कोटा दगड चांगला. मोठं काम असेल तर पॉलियुरेथेन काँक्रीट नावाचा प्रकार आहे. तो जाड असतो, गरम पाण्याचा मारा सहन करतो, पण महाग आहे आणि जाणकार कारागीर लागतो.

गच्ची आणि उघडी जागा: इथे ऊन सहन करणारा अ‍ॅक्रिलिक किंवा पॉलियुरेथेनचा थर. पांढऱ्या रंगाचा असेल तर खालच्या खोलीतही उन्हाळ्यात फरक पडतो.

वजूखाना आणि न्हाणी: चकाकणारा इपॉक्सी ओला झाला की साबण सांडल्यासारखा होतो. आपले बुजुर्ग अनवाणी, ओल्या पायांनी चालतात. एक पाय घसरला तर खुब्याचं हाड मोडतं आणि माणूस अंथरुणाला खिळतो. म्हणून इथे मारायचाच असेल तर ओल्या थरावर बारीक रेती टाकून खरखरीत केलेला प्रकारच हवा, किंवा मूळचीच खडबडीत टाइल घ्या. टाइल्सच्या सांध्यांत मात्र इपॉक्सीचं फिलर भरणं फायद्याचं, त्यामुळे पाणी मुरत नाही आणि शेवाळ कमी धरतं.

अ‍ॅसिडने धुण्याबद्दल

जमीन तयार करायला काही जण टॉयलेट धुण्याचं अ‍ॅसिड ओततात. त्याने वरचा थर खाल्ला जातो हे खरं, पण नीट धुतलं नाही तर आम्ल आत राहतं आणि जमीन पुन्हा भिजते ती वेगळीच. बंद खोलीत त्याची वाफ छातीत जाते. आणि अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नका, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. मशीनने घासणं हाच बरा मार्ग.

काम करणाऱ्यांची काळजी कोण घेणार?

या कामात आपल्या मोहल्ल्यातले बरेच तरुण आहेत. कोरड्या ग्राइंडरने जमीन घासताना उडणाऱ्या धुळीत सिलिका असते. ती वर्षानुवर्षं छातीत गेली की सिलिकोसिस होतो आणि त्यावर बरं करणारं औषध नाही. तोंडाला रुमाल बांधून ही धूळ अडत नाही. धूळ ओढणारी मशीन आणि एन-९५ दर्जाचा मास्क लागतो.

हार्डनर कातडीला लागला की काहींना ॲलर्जी होते, आणि एकदा झाली की आयुष्यभर थोड्याशा स्पर्शानेही हात फुटतात. हातावर घट्ट झालेला थर राहिला तर वजूचं पाणी कातडीपर्यंत पोहोचत नाही, म्हणून मुलं थिनरने हात घासतात. थिनर तो पदार्थ कातडीच्या आणखी आत ढकलतो. उपाय सोपा आहे. नायट्राइलचे हातमोजे आधीच घालायचे आणि लागलंच तर ताजं असतानाच साबण-पाण्याने धुवायचं. पॉलियुरेथेनच्या मालातल्या वाफेने दमा होऊ शकतो, त्यामुळे खिडक्या उघड्या ठेवणं आणि योग्य मास्क गरजेचा. थिनर असलेला माल चालू असताना जवळ बिडी-सिगारेट किंवा शेगडी नको.

वर्षात किमान ९० दिवस बांधकामाचं काम केलेल्या १८ ते ६० वयाच्या कामगाराला महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते. फरशी घासणाऱ्या आणि रंग मारणाऱ्या मुलांनी ती जरूर करून घ्यावी. ज्या कमिट्या आणि दुकानदार त्यांना काम देतात, त्यांनी ९० दिवसांचं प्रमाणपत्र द्यायला मागेपुढे पाहू नये. मास्क आणि हातमोज्यांचे पैसेही ठरावातच धरावेत.

पैसे देण्याआधी

शेवटी एवढंच. मस्जिद, मदरसा किंवा शाळेचा पैसा अमानत आहे आणि घरचा पैसाही काही झाडाला लागत नाही. ठेकेदाराला बोलावण्याआधी खिळा, प्लास्टिक आणि पाण्याचा थेंब या तीन तपासण्या स्वतः करा. जमीन ओली असेल तर आधी ओल येण्याचं कारण शोधा. नाली तुंबलीय का, पाइप गळतोय का, अंगणाचा उतार घराकडे आहे का, ते पाहा. मग जाडी, माल, तयारी आणि हंगाम लेखी ठरवा. मोठं काम असेल तर आधी एका कोपऱ्यात १० बाय १० चा नमुना करून घ्या आणि एक पावसाळा त्याच्यावर जाऊ द्या. नमुना टिकला तर बाकीचं काम करा. नाही टिकला तर वाचलेल्या पैशात कोटा दगड येतो, आणि तो आपल्या नातवंडांपर्यंत टिकतो.